जुन्या मोटारीतील प्रज्वलन-यंत्रणेचे वारंवार होणारे बिघाड : कारणमीमांसा व निदानपद्धती

एखाद्या यंत्राचा एकच भाग पुन्हापुन्हा निकामी होऊ लागला, म्हणजे त्या भागाला दोष देण्याकडे मनुष्याची सहज प्रवृत्ती असते. नवीन भाग बसविला जातो, काही दिवस यंत्र सुरळीत चालते, आणि मग तोच बिघाड पुनश्च उद्भवतो. आता बाजारातील मालाला बोल लावला जातो. वस्तुतः अशा प्रसंगी विचारावयाचा पहिला प्रश्न ‘कोणता भाग बिघडला?’ हा नसून ‘हाच भाग का बिघडत राहतो?’ हा असावयास हवा. जुन्या मोटारींची प्रज्वलन-यंत्रणा हे या प्रश्नाच्या अभ्यासासाठी उत्तम उदाहरण होय. तिची रचना साधी आहे, तिच्यातील राशी सामान्य उपकरणांनी मोजता येतात, आणि तरीही तिच्या बाबतीत होणाऱ्या निदानाच्या चुका अत्यंत शिकवण देणाऱ्या आहेत.

हा विषय केवळ संग्रहालयापुरता उरलेला नाही. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट 1100 आणि पुढे तिचेच रूप असलेली प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. उत्तरपाडा येथे बनणाऱ्या अँबॅसिडरचे उत्पादन 2014 साली थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधून पद्मिनी 30 ऑक्टोबर 2023 रोजी निवृत्त झाली. परंतु खासगी मालकीच्या अशा गाड्या महाराष्ट्रात अजून जपल्या जातात. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागत असल्याने, अशी गाडी रस्त्यावर चालण्याच्या स्थितीत राखणे हे मालकावरील प्रत्यक्ष बंधनच ठरते. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरी या प्रश्नाला आणखी एक धार आहे. येथील उन्हाळ्यात तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या वर जाते. शहरातून दौलताबादमार्गे खुलताबाद-वेरूळकडे जाताना घाट चढावा लागतो, आणि पुढे कन्नडहून चाळीसगावकडे जाताना घाट उतरावा लागतो. अशा वळणावर गाडी एकाएकी बंद पडणे ही केवळ गैरसोय नव्हे. मागून येणाऱ्या ट्रकच्या दृष्टीने तो अपघाताचा प्रसंग होय.

यंत्रणेची रचना व कार्य

या गाड्यांतील प्रज्वलन-यंत्रणेचे तत्त्व मायकेल फॅराडे यांनी 1831 साली दाखवून दिलेल्या विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाचे आहे. त्याला मोटारीस सोयीचे रूप देण्याचे श्रेय चार्ल्स केटरिंग यांच्याकडे जाते. 1910 सालच्या कॅडिलॅक गाडीत त्यांची बॅटरीवर चालणारी पद्धती प्रथम आली. बॅटरीतून निघालेला प्रवाह किल्लीच्या स्विचमधून कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यात जातो आणि तेथून डिस्ट्रिब्युटरमधील संपर्कबिंदूंच्या, म्हणजे कारागीर ज्यांना ‘पॉइंट’ म्हणतात त्यांच्या, द्वारा गाडीच्या सांगाड्यास मिळून परततो. पॉइंट मिटलेले असताना प्राथमिक वेटोळ्यात चुंबकीय क्षेत्र उभे राहते. डिस्ट्रिब्युटरचा कॅम पॉइंट उघडतो त्या क्षणी प्रवाह तुटतो, क्षेत्र वेगाने कोसळते, आणि हजारो फेऱ्यांच्या दुय्यम वेटोळ्यात पंधरा ते वीस हजार व्होल्टपर्यंतचा विद्युद्दाब निर्माण होऊ शकतो. रोटर हा दाब ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या प्लगकडे पोहोचवितो.

या क्रियेत कंडेन्सरचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. पॉइंट उघडताना प्राथमिक वेटोळ्यातही शेकडो व्होल्टचा स्वयंप्रवर्तित दाब उत्पन्न होतो. कंडेन्सर नसेल, तर हा दाब पॉइंटमधील सूक्ष्म फटीतून ज्योत काढील. पॉइंट जळतील, आणि प्रवाह एकदम न तुटल्यामुळे प्लगची ठिणगीही मंद होईल. साधारणतः 0.2 ते 0.25 मायक्रोफॅराड धारकतेचा कंडेन्सर हा आघात क्षणभर आपल्या अंगावर घेतो.

कामाचा वेग लक्षात घेतला म्हणजे या भागांवरील ताणाची कल्पना येते. चार सिलिंडरांचे चौघाती इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असता मिनिटाला 6000, म्हणजे सेकंदाला 100 ठिणग्या लागतात. प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला दहा मिलीसेकंद येतात. कॅमच्या 90 अंशांच्या टप्प्यापैकी सुमारे 60 अंश पॉइंट मिटलेले राहतात असे धरले, तर चुंबकीय क्षेत्र उभे करण्यास जेमतेम 6.7 मिलीसेकंद मिळतात.

‘वाईट माल’ या उपपत्तीची परीक्षा

भाग वारंवार जळण्याचे सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण म्हणजे निकृष्ट माल. त्यात तथ्य अजिबात नाही असे नव्हे. बाजारात नकली सुटे भाग असतात, आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या कंडेन्सरची निरोधक क्षमता घटलेली असू शकते. परंतु हे स्पष्टीकरण किती दूर ताणता येईल, याचा हिशेब करून पाहणे इष्ट ठरते. असे समजावे की, नवीन कॉइलपैकी पन्नासात एक आरंभीच्या काळातच निकामी होते. हा आकडा केवळ विवेचनासाठी गृहीत धरलेला आहे. या घटना परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर लागोपाठ चार कॉइल केवळ योगायोगाने वाईट निघण्याची संभाव्यता पन्नासाच्या चतुर्थ घाताचा व्यस्तांक, म्हणजे 62,50,000 मध्ये एक एवढी येते. एवढ्या दुर्मिळ योगायोगावर विसंबण्यापेक्षा, चारही कॉइलना सारखीच मारणारे एखादे समान कारण गाडीतच आहे, असे मानणे तर्कदृष्ट्या अधिक सयुक्तिक होय.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चारही भाग एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आले असतील, तर त्या घटना स्वतंत्र राहत नाहीत, आणि वरील गुणाकार लागू पडत नाही. म्हणून खात्रीच्या, वेगळ्या ठिकाणाहून मिळविलेला एक भाग बसवून पाहणे ही योग्य कसोटी ठरते. तोही जळाला, तर मालाला दोष देण्याचा मार्ग बंद होतो.

समान कारणे कोठे शोधावीत

समान कारणांचे चार गट पाडता येतात : विद्युद्दाब, जुळणी, यांत्रिक झीज आणि उच्च दाबाची बाजू.

पहिला गट पुरवठ्याच्या विद्युद्दाबाचा. डायनामो वा आल्टरनेटर असलेल्या बारा व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असता बॅटरीच्या अग्रांवर साधारणतः 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसावयास हवेत. हे नियंत्रण करणारा नियामक म्हणजे रेग्युलेटर, बाहेर पडणारा दाब स्वतःच्या अर्थ-जोडणीच्या तुलनेत मोजतो. ती जोडणी गंजली वा रंगाच्या थरावर बसली, तर नियामकाला प्रत्यक्षापेक्षा कमी दाब दिसतो आणि तो पुरवठा वाढवू देतो. परिणामी दाब 16 व्होल्टपर्यंत चढू शकतो. 14 वरून 16 ही वाढ टक्केवारीने चौदाच्या आसपास आहे. परंतु रोधात निर्माण होणारी उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने कॉइलमधील उष्णता सुमारे तीस टक्क्यांनी वाढते. उन्हाळ्यातील तापलेल्या बॉनेटखाली ही तीस टक्केच कॉइलच्या आतील निरोधनास मारक ठरतात.

दुसरा गट चुकीच्या जुळणीचा. काही कॉइलचे प्राथमिक वेटोळे सुमारे 3 ओहम रोधाचे असून ते थेट बॅटरीवर चालण्यासाठी बनविलेले असते. इतर काही कॉइल सुमारे 1.5 ओहमच्या असून त्यांच्यासोबत तेवढाच रोध एकसरीत जोडावा लागतो. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रकारची कॉइल त्या बाह्य रोधाशिवाय जोडली, तर 14 व्होल्टवर प्रवाह 4.7 अँपिअरऐवजी 9.3 अँपिअर होतो. प्रवाह दुप्पट झाल्याने कॉइलमधील उष्णता चौपट होते, म्हणजे 33 वॉटच्या जागी 131 वॉट. इंजिन चालू असता पॉइंट सतत मिटलेले नसतात आणि वेटोळ्याच्या स्वप्रवर्तनामुळे प्रवाह हळूहळू चढतो. म्हणून प्रत्यक्ष सरासरी याहून कमी राहते. परंतु इंजिन बंद ठेवून किल्ली चालूच राहिली आणि पॉइंट मिटलेले असले, तर हे आकडे जसेच्या तसे लागू पडतात. गाडीत बसून बराच वेळ रेडिओ ऐकण्यासाठी किल्ली पुरती फिरवून ठेवण्याची सवय अनेक कॉइलच्या मुळावर आली आहे.

तिसरा गट यांत्रिक झिजेचा. डिस्ट्रिब्युटरचा दांडा ज्या बुशात फिरतो ते बुश झिजले, म्हणजे दांडा डोलू लागतो. पॉइंटची फट कॅमच्या चार उंचवट्यांवर चार निरनिराळी येते. नवीन पॉइंट कितीही काळजीने बसविले तरी ते लवकरच पुन्हा बिघडतात, कारण बिघाड पॉइंटमध्ये नसून त्यांच्या आधारातच असतो. कॅमवर घासणाऱ्या तंतुमय टाचेला ग्रीस न मिळाल्यास ती झिजते, फट आपोआप मिटत जाते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. उलटपक्षी ग्रीस वा तेल जास्त झाले, तर त्याचा थर पॉइंटवर चढून जळतो. मराठवाड्याच्या काळ्या मातीची सूक्ष्म धूळ ढिल्या क्लिपच्या टोपीखालून आत शिरली, तर ग्रीसशी मिसळून ती घासकागदाचेच काम करते.

चौथा गट उच्च दाबाच्या बाजूचा. प्लगच्या फटीचे प्रचलित माप 0.6 मिलिमीटरच्या आसपास असते. वापराने ती 1 मिलिमीटरपर्यंत वाढली, तर ठिणगी पडण्यास अधिक दाब लागतो आणि तो सर्व ताण कॉइल, रोटर व टोपी यांच्या निरोधनावर येतो. प्लगची तार आतून तुटलेली असली, तर ठिणगीला वाटच उरत नाही. दाब वाढत जाऊन शेवटी जेथे निरोधन दुबळे असेल तेथे तो फुटतो. रोटरला आरपार सूक्ष्म छिद्र पडणे किंवा टोपीच्या आत कोळशाची रेघ उमटणे ही त्याची साक्ष. या दृष्टीने पाहता, ठिणगी पाहण्यासाठी प्लगची तार काढून ती हवेत लांब धरण्याची प्रथा निर्दोष नाही. ती तपासणी करावयाचीच झाल्यास तारेच्या टोकाशी दुसरा प्लग जोडून त्याचे अंग इंजिनला टेकवावे.

एक नमुना प्रकरण

या विवेचनाचा उपयोग कसा होतो हे दाखविण्यासाठी पुढील नमुना कल्पिला आहे. एका जुन्या चार सिलिंडरच्या गाडीत एका वर्षात तीन कॉइल व चार पॉइंट-संच बदलले गेले. प्रत्येक वेळी गाडी चढावर, दुपारच्या वेळी, अर्ध्या तासाच्या प्रवासानंतर बंद पडली आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू झाली. याच काळात बॅटरीतील पाणी दर आठ-पंधरा दिवसांनी कमी होत होते, आणि पुढच्या दिव्यांचे बल्ब दोनदा गेले होते.

येथील मर्म असे की, या तीन तक्रारी तीन निरनिराळ्या ठिकाणी नोंदल्या गेल्या. कॉइल इंजिनच्या कारागिराने बदलली, पाणी बॅटरीच्या दुकानदाराने भरले, बल्ब विजेच्या कारागिराने लावले. प्रत्येकाने आपल्यापुरते काम चोख केले; पण तिन्ही साक्षी एकत्र ठेवून पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते. ती एकत्र ठेवताच एकच निष्कर्ष पुढे येतो : पुरवठ्याचा दाब प्रमाणापेक्षा अधिक आहे. बॅटरीचे पाणी उडणे, बल्बची तार जळणे आणि कॉइल तापणे या तिन्ही घटना त्या एका गृहीतकाने उलगडतात.

गृहीतकाची परीक्षा मीटरने होते. मंद गतीत बॅटरीवर 13.9 व्होल्ट दिसले. हे वाचन निर्दोष असल्याने घाईने तपासणारा येथेच थांबला असता. इंजिनाची गती 2500 फेऱ्यांवर नेताच दाब 16.0 व्होल्ट झाला. त्याच स्थितीत नियामकाचे धातूचे कवच आणि बॅटरीचे ऋण अग्र यांच्यामध्ये 1.8 व्होल्टचा फरक आढळला. म्हणजे नियामक स्वतःच्या दृष्टीने 14.2 व्होल्टच राखीत होता. दोष त्याचा नव्हता, तर ज्या पायावर उभे राहून तो मोजीत होता त्या पायाचा होता. जोडणी खरवडून स्वच्छ केल्यावर आणि एक स्वतंत्र तार टाकल्यावर दाब 14.2 वर स्थिरावला. काही पैशांच्या गंजाने वर्षभर कॉइल खाल्ल्या होत्या.

निदानाचा क्रम

वरील विवेचनातून निदानाचा एक क्रम निष्पन्न होतो. पहिली पायरी नोंदीची. बिघाडाची तारीख, मीटरवरील अंतर, हवामान, इंजिन गरम होते की थंड, आणि जळालेल्या भागाचे स्वरूप लिहून ठेवावे. निकामी भाग फेकू नये. त्याला चिठ्ठी बांधून जपावे. निळसर-काळे पडलेले पॉइंट अतिउष्णता सुचवितात, एका पॉइंटवर खड्डा व समोरच्यावर उंचवटा कंडेन्सरची अयोग्य धारकता सुचवितो, आणि तेलकट काळिमा वंगणाचा अतिरेक. जळालेला भाग हा गुन्हेगार नसून बहुधा साक्षीदार असतो.

दुसरी पायरी मोजणीची, आणि तीही काहीही बदलण्यापूर्वी. मंद व वाढविलेल्या अशा दोन्ही गतींत बॅटरीचा दाब पाहावा. किल्ली चालू व पॉइंट मिटलेले असता पॉइंटच्या दोन्ही बाजूंतील दाबाचा फरक पाहावा, तो 0.2 व्होल्टपेक्षा अधिक असल्यास पॉइंट किंवा त्यांची अर्थ-जोडणी सदोष समजावी. स्टार्टर फिरत असताना इंजिन आणि बॅटरीचे ऋण अग्र यांमधील फरकही मोजावा. इंजिनची अर्थ-पट्टी तुटलेली असेल, तर स्टार्टरचा शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलसारख्या भलत्याच वाटेने परतू पाहतो.

कॉइलचा रोध मोजताना तापमानाचे भान ठेवणे अगत्याचे आहे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. वीस अंशांवर 3.0 ओहम असलेले वेटोळे नव्वद अंशांवर 3.8 ओहम दाखवील. हा दोष नव्हे, पदार्थाचा धर्म आहे. गरम कॉइलचे वाचन थंड कॉइलच्या प्रमाणाशी ताडून चांगली कॉइल टाकून देण्याचे प्रकार यामुळेच घडतात.

तिसरी पायरी योग्य वेळेची. जे बिघाड गरम झाल्यावर उद्भवतात ते थंड गाडीवर सापडत नाहीत. इंजिन बंद केल्यावर पंख्याची हवा थांबते, आणि बॉनेटखालील तापमान काही काळ उलट वाढतच जाते. अशा वेळी कंडेन्सर वा कॉइलचे निरोधन ढासळू शकते. परंतु त्याच वेळी पेट्रोलची नळी तापून इंधनाची वाफ होऊन पुरवठा तुटणेही शक्य असते. दोन्हींची बाह्य लक्षणे सारखीच : गाडी थांबते, अर्ध्या तासाने चालू होते. म्हणून गाडी बंद पडलेल्या त्याच क्षणी, सुरक्षित जागी घेऊन, ठिणगी आहे की नाही आणि कार्बुरेटरपर्यंत पेट्रोल येते की नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळविली पाहिजेत. ओल्या फडक्याने निववल्यावर गाडी सुरू झाली एवढ्यावरून निष्कर्ष काढावयाचा, तर नेमका कोणता भाग निववला हेही ठाऊक असावयास हवे.

चौथी पायरी एका वेळी एकच बदल करण्याची. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट व प्लग एकदमच बदलले आणि गाडी चालू लागली, तर बिघाड मिटला असेल. परंतु ज्ञान काहीच मिळाले नाही. तोच बिघाड पुन्हा आला, म्हणजे शोध पुन्हा शून्यापासून सुरू होतो. दुरुस्तीनंतरही मूळ मोजणी पुन्हा करावी. दोष गेल्याचा पुरावा मीटरवरील आकड्याने द्यावा, केवळ गाडी चालू झाल्याने नव्हे.

समारोप

सारांश, वारंवार होणारा बिघाड हा अनेक बिघाडांचा समूह नसून बहुधा एकाच न सापडलेल्या कारणाची पुनरावृत्ती असते. भाग बदलण्याने लक्षण शमते. कारण मात्र अबाधित राहते, आणि दरम्यान मिळालेल्या तात्पुरत्या यशामुळे ते अधिक खोल दडते. पदव्युत्तर अभ्यासकाच्या दृष्टीने यातील बोध मोटारीपुरता मर्यादित नाही. प्रयोगशाळेतील एखादे उपकरण वारंवार चुकीचे वाचन देत असेल, तर त्याचा अर्थ-बिंदूही याच शंकेने पाहावयास हवा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पॉइंट असलेल्या प्रज्वलन-यंत्रणेची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने केव्हाच घेतली आहे. कानाने ठिणगीचा अंदाज घेणारे आणि बोटाने डिस्ट्रिब्युटरचा डोल ओळखणारे कारागीर वयोवृद्ध होत चालले असून, त्यांच्या दुकानांत आता नवशिके मिळत नाहीत. मूळ भाग दुर्मिळ झाल्याने विनाकारण जळालेली प्रत्येक कॉइल ही भरून न येणारी हानी ठरते. त्या कारागिरांची हस्तकुशलता आणि विद्यापीठीय मोजणीची शिस्त यांची गाठ अजून घालता येण्यासारखी आहे. त्यासाठी एक मीटर, एक नोंदवही आणि जळालेला भाग टाकून न देण्याची सवय, एवढी साधने पुरेशी होत.